उत्तराचं पाकीट

ही गोष्ट घडलेली आहे.

ज्याच्या बाबतीत घडली तो वर्तमानपत्रात उपसंपादक होता. दुसऱ्यांच्या मजकुरातली विशेषणं छाटण्यात त्याची उमर गेली. त्याने जेवढं सांगितलं तेवढंच इथे दिलं आहे, पदरचं काही घातलेलं नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते वाचणाऱ्याने आपलं आपण बघावं.

सुरुवात झाली एका गुरुवारी, भरदुपारी, दुसऱ्या मजल्यावरच्या संपादकीय खोलीत. गुरुवारी मुलांचं पान छपाईला जायचं. त्या पानावर एक चौकट असायची.

‘मावशीला पत्र लिहा. सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवा. प्रत्येक पत्राला उत्तर मिळेल.’

मावशी म्हणजे हाच. जाड मिशा, घोगरा आवाज. ऑफिसात सगळे त्याला मावशीच म्हणत. चहा आला की क्रीडापानवाला बजावायचा, मावशी, पदर सांभाळ, कपात बुडेल. तोही हसून घ्यायचा. मावशी कोण हे बाहेर फोडायचं नाही, असा संपादकांचा दंडक होता. त्याने तो इतका पाळला की घरी फक्त बायकोला ठाऊक होतं.

नऊ वर्षांच्या मुलीला नाही.

पहिल्या वर्षी त्याने खरंच उत्तरं लिहिली. मुलं खूश, आईबाप खूश, खप वाढला म्हणून मालकही खूश. मग पत्रं गोणीने यायला लागली. मग त्याने एक छापील कार्ड करून घेतलं. पुढे तेही होईना. शिपाई आलेली पत्रं सुतळीने बांधायचा आणि लोखंडी कपाटात ढकलायचा.

चौकट मात्र दर रविवारी छापून येत होती. शेवटच्या वाक्यासकट.

तर त्या गुरुवारी फोन आला. पलीकडे कुणी रिक्षावाला होता. मावशीला निरोप द्या म्हणाला, तुमचं उत्तर आलं आणि आमचं पोरगं जेवलं. कुत्रं मेल्यापासून अन्नाला शिवत नव्हतं. उपसंपादकाने हो हो म्हणून फोन ठेवला.

त्याने गेली तीन वर्षं कुणालाच उत्तर लिहिलं नव्हतं.

ऑफिसात नवीन लागलेल्या मुलीने हौसेने लिहिलं असेल, असं तो धरून चालला. विचारायला वेळ कुणाला होता?

पुढच्या गुरुवारी एक बाई थेट त्याच्या टेबलाशी आली. बँकेत कॅशियर होती, मधल्या सुट्टीत आली होती. तिने एक पाकीट त्याच्यापुढे आपटलं.

"मावशी कोण ती बोलवा इथे. लहान मुलाला असलं लिहितात?"

पाकिटावरचा पत्ता मुलाच्याच अक्षरात होता. आत रेघांचा कागद. वर पेन्सिलीने लिहिलेलं. डावीकडे कलणारं, लहान मुलाचं अक्षर.

मुलगा झोपेत अंथरूण ओलं करायचा आणि वर्गातली पोरं त्याला चिडवायची, हे बाईने सांगितलं. ते त्याने मावशीला लिहिलं होतं. घरात कुणाला बोलला नव्हता, आणि ही गोष्ट तिला जास्त लागली होती.

उत्तर चार ओळींचं होतं.

‘मला पण तसं व्हायचं. तू रडू नकोस. मला आता तसं होत नाही...

आता मला काहीच होत नाही.’

आणि खाली...

‘मावशी पत्रं वाचत नाही. मी वाचते.’

त्याने बाईची माफी मागितली, चौकशी करतो म्हणाला. नव्या मुलीला विचारलं. तिला कपाट कुठलं तेसुद्धा माहीत नव्हतं. शिपायाला विचारलं. शिपाई म्हणाला, "त्या कपाटाला माझ्याशिवाय कोण हात लावतंय, मावशी? तुम्ही तरी लावता का?"

चावी शिपायाच्याच कमरेला होती.

त्याने कपाट उघडलं. गठ्ठे जागच्या जागी होते. गाठी तशाच. गाठींवरची धूळही तशीच...

त्याने एक गठ्ठा सोडला. पत्रं होती, पण त्यांच्या पोटातली उत्तराची पाकिटं नव्हती. दुसरा सोडला, तिसरा सोडला. कुठेच नव्हती.

एक सापडलं. अगदी तळाच्या, तीन वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यात.

त्या पत्राचं अक्षर डावीकडे कलत होतं.

‘प्रिय मावशी, डॉक्टरांनी माझी शाळा बंद केली आहे. पडून पडून कंटाळा येतो म्हणून आई म्हणाली, पत्र लिही. पेपरात छापलंय म्हणजे उत्तर येणारच. मी माझी कॉट दारापाशी घ्यायला लावली आहे. पोस्टमन आला की मला सगळ्यांच्या आधी कळेल.’

पाकिटावर तिचा पत्ता होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्या पत्त्यावर गेला. खाली शिंप्याचं दुकान, मागे एक खोली. शिलाईचं मशीन चालू होतं. त्याने पेपराचं नाव सांगितलं आणि मशीन थांबलं.

शिंप्याने कापड बाजूला केलं. रागावला नाही, आवाजही चढवला नाही.

"उत्तर आणलंत?" त्याने विचारलं.

उपसंपादकाने नाही म्हणून नुसती मान हलवली.

मग शिंपीच बोलत राहिला. पोरीला ते रोज सांगायचे की पोस्टमन कामचुकार आहे, पत्र कुठेतरी टाकून देत असेल. तिच्या आईने तर त्या पोस्टमनला भर रस्त्यात वाटेल ते सुनावलं. बिचारा खाली मान घालून ऐकून घ्यायचा. "एवढा मोठा पेपर खोटं छापेल, हे डोक्यातच आलं नाही हो. पोस्टमनची माफी मागायची राहिली आमची."

कॉट अजून दारापाशीच होती. वर कापडाचे तागे रचले होते. शेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. उपसंपादक वाकला.

आज नाही.

आज नाही.

आज नाही.

उशीच्या जागेपासून हात पोचेल तिथपर्यंत, एकाखाली एक. डावीकडे कलणाऱ्या अक्षरात. शिंप्याने तेवढी भिंत सोडून बाकी खोलीला रंग दिला होता.

तो ऑफिसला गेलाच नाही. भरदुपारी घरी आला. त्या वेळी तो घरी आल्याचं बायकोलाही आठवत नव्हतं.

मुलगी दाराला टेकून जमिनीवर बसली होती. शाळेला सुट्टी होती.

कुणाची वाट बघतेस, त्याने विचारलं. पोस्टमनची, ती म्हणाली.

तो चपला काढत होता, तेवढ्यात दाराखालच्या फटीतून...

एक पाकीट आत सरकलं.

जिन्यावर पावलं वाजली नव्हती. त्याने तडक दार उघडलं. जिना वरपासून खालपर्यंत रिकामा. शेजारचं कुत्रं पायऱ्यांवर पसरलेलं होतं. त्याने मानही उचलली नाही.

पाकिटावर त्याच्याच घरचा पत्ता होता, त्याच्या मुलीच्या अक्षरात.

तिने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. ओढून नाही, अगदी शांतपणे.

"मावशीला कधी लिहिलंस?"

"खूप झाले दिवस. शाळेत बाई म्हणाल्या होत्या, लिहा, उत्तर येतं. आधी आलंच नाही. मग यायला लागलं. आता मीच तिला पाकिटं पाठवते."

"काय लिहिलं होतंस?"

"विचारलं होतं, माझे बाबा पेपरात आहेत, तू त्यांना ओळखतेस का. घरी आले की ते म्हणतात, आत्ता बोलू नकोस. ऑफिसात बोलतात का, असं."

त्याच्या बायकोने स्वयंपाकघरातून बाहेर डोकावलं, आणि ती पुन्हा आत गेली.

"मग... काय म्हणाली ती?"

"म्हणाली, ओळखते." मुलगी पाकिटाची कड नखाने उचकटत होती. "म्हणाली, माझ्याशीपण नाही बोलले."

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, "आता सांग. काय सांगायचं ते सगळं सांग मला. मी कुठेही जात नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. पाहुण्यांकडे पाहावं तसं.

"सांगून झालं, बाबा."

मग त्याने तिला विनवलं, की हिला लिहू नकोस, ही मावशी नाही. ते तिला माहीत होतं. "मी नाही लिहिलं तर ती वाट बघत बसेल," ती म्हणाली. "त्याने कसं होतं ते तुम्हाला नाही कळायचं."

ती उठून खोलीत गेली. दार लावलं. आतून तिचं हसू ऐकू आलं. असं हसू त्याने आजवर ऐकलं नव्हतं.

त्याने पोस्टमनला गाठलं. पोस्टमन म्हणाला, "साहेब, तुमच्या जिन्यात मी वर्षभर पाऊल टाकलेलं नाही. तुम्हाला पत्र येतंय कुठे?"

पुढे त्याने भांडून ती चौकट बंद करवली. मुलांचं पानही गेलं, तिथे आता पंख्यांची जाहिरात असते. शिंप्याच्या पोरीला त्याने लांबलचक उत्तर लिहिलं, तिच्याच पाकिटात घातलं आणि स्वतः पोस्टात टाकलं. ते पोचलं की नाही, हे शिंप्याला विचारायचं धाडस त्याला अजून झालेलं नाही.

हल्ली तो दिवेलागणीच्या आत घरी येतो. मुलगी हुशार आहे, तब्येतीने चांगली आहे, विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. दर रविवारी ती एक पत्र लिहिते. वर पत्ता घालत नाही.

मागच्या रविवारी त्याने चपला घातल्या आणि हात पुढे केला. मी टाकून येऊ का, म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "तुमच्याकडून राहून जाईल."

ती एकटीच जिना उतरली. तो खिडकीत उभा राहिला. ती कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली, हात उचलला...

आणि रिकाम्या हाताने परत आली.

तो लगेच खाली जाऊन बघून आला. आजूबाजूला कागदाचा कपटासुद्धा नव्हता. कोपऱ्यावरची टपालपेटी पोस्टाने गेल्या वर्षीच उखडून नेली आहे. तिथे नुसती भिंत आहे.

मंगळवारी उत्तर आलं.