न शिजवलेलं चालतं

"दाबू नका."

एपीएमसीच्या फळबाजारात, आंब्याच्या पेट्यांतून बाहेर आलेल्या गवतावर उभ्या असलेल्या त्या तरुणाने अंगठा काही उचलला नाही. उलट मान वळवून पाहिले.

"मला म्हणालात?"

"अंगठा तुमचाच आहे ना? अव्होकाडो असा दाबला, की त्या जागी आतून काळा पडतो. तुम्ही तो घेणार नाही, आणि तुमच्या अंगठ्याचा डाग दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जाणार."

हे बोलणारी संघप्रिया तुर्भ्याच्या एका अन्नतपासणी प्रयोगशाळेत काम करत असे. दिवसभर इतरांच्या दाव्यांची तपासणी करण्याचा पगार तिला मिळत होता. बाजारात ती तेच काम फुकट करी.

"मी सिव्हिल इंजिनिअर आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे काँक्रीटचा ठोकळा फुटेपर्यंत दाबतात, तेव्हा कुठे त्याची ताकद कळते."

"आणि नंतर तो ठोकळा कोणी खात नसेल."

गाळेवाला खदखदून हसला. "मॅडम, तुमीच बसा गाळ्यावर. मी जातो घरी झोपायला!"

तरुणालाही हसू आले. हसताना तो आधी खाली पाहत असे आणि मग समोर — ही गोष्ट संघप्रियाने टिपली, आणि ती टिपण्याचे कोणतेही व्यावसायिक कारण नव्हते.

"मग पिकलाय हे ओळखायचं कसं?"

तिने एक फळ उचलून त्याच्या तळहातावर ठेवले आणि त्याची बोटे त्याभोवती मिटवली. "असं... पूर्ण मुठीत धरायचं. हलकेच आवळायचं. ते आपणहून जरासं दबलं, तर तयार आहे."

"आणि नाही दबलं तर?"

"तर थांबायचं."

तिचा हात त्याच्या हातावर आवश्यकतेपेक्षा किंचित अधिक वेळ राहिला. आवश्यकता किती होती, हे अर्थात तिलाच ठरवायचे होते.

त्याचे नाव ऋषी. आईला डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितले होते आणि आईचा जीव मात्र चॉकलेटात अडकलेला. म्हणून त्याने मोबाइलवर गॅस न पेटवता होणाऱ्या, अव्होकाडो आणि कोकोच्या 'हेल्दी' पुडिंगची कृती शोधली होती.

"हेल्दी म्हणजे किती?" संघप्रियाने विचारले.

"किती म्हणजे?"

"तो शब्द कशात मोजतात? ग्रॅममध्ये?"

"यात साखर अजिबात नाहीये हो. फक्त खजूर आहे!"

"खजूर म्हणजे साखरच. जरा बऱ्या संगतीत राहिलेली, एवढंच. थोडा घाला, आणि आईंना वाटी लहान द्या." एवढे बोलून ती वळली, मग पुन्हा फिरली आणि आपला नंबर दिला. "चुकलं तर विचारा."

ते चुकलेच. ऋषी पुढे म्हणे, की ते मुद्दाम चुकवले नव्हते. संघप्रियाने हा दावा कधी मान्य केला नाही. गुठळ्या झालेल्या पुडिंगचा फोटो आला, तेव्हा तिने लिहिले : 'कोको थेट थंड दुधात टाकलात. आधी चमचाभर दुधात खलून घ्या, मग बाकीचं.' दुसऱ्या फोटोवर लिहिले : 'खजूर भिजवलाच नाही. मिक्सरवर दया करा.' पुढे खांदेश्वरला तिच्या इमारतीखालच्या रसवंतीत डबे येऊ लागले. उसाच्या रसाचा पेला बाजूला सारून ती चमचा जिभेवर ठेवी, डोळे मिटे, आणि तो तिच्या मिटलेल्या पापण्यांकडे पाहत निकालाची वाट बघे. 'तुम्ही'चे 'तू' कधी झाले, याची नोंद दोघांनीही ठेवली नाही.

एकदा नुसताच फोटो आला, प्रश्न नसलेला. गुळगुळीत, चकचकीत, निर्दोष पुडिंग. कोपऱ्यात वाटी धरलेली त्याची बोटे. तिने तो फोटो मोठा करून पाहिला. पुडिंग नव्हे, बोटे.

"घरी येशील?" एका संध्याकाळी रसवंतीत त्याने विचारले. "आईला भेटायला. आणि शुभदाआत्याला. बाबा गेल्यापासून घरात तिचा शब्द चालतो. तिचा होकार मिळाला, तर..."

वाक्य त्याने अपुरेच सोडले. त्याचा शेवट दोघांनाही ठाऊक होता.

"माझ्याबद्दल सांगितलंस?"

"बौद्ध आहेस, ते दोघींना सांगितलंय. लपवलेलं नाही काही."

"मग माझी एक अट आहे. मला सवलतीत आत घेऊ नकोस. ज्या दारातून तुझ्या घरातली माणसं जातात, त्याच दाराने मी येईन. नाहीतर येणारच नाही." मग तिचा चेहरा सैल झाला. "आमच्याकडची झणझणीत आमटी करून आणते. मराठवाड्याची. तुझी आत्या रडली पाहिजे."

"नको, नको!" तो घाईने म्हणाला. "आपलं पुडिंगच कर. आमच्याकडे येऊनच कर. एवढ्या उकाड्यात गॅस कशाला पेटवायचा?"

एरवी प्रत्येक विधानामागे पुरावा मागणाऱ्या संघप्रियाने हे कारण मात्र पुरावा न मागता स्वीकारले. माणूस प्रेमात पडला, की आधी बुद्धीचा नव्हे, सवयींचा बळी जातो.

ठरलेला दिवस नेमका एकादशीचा निघाला. खारघरच्या त्या प्रशस्त स्वयंपाकघरात ऋषीच्या आईने, मीनाकाकूंनी, तिचे हसून स्वागत केले, दुधाचे पाकीट फोडले आणि नकळत पातेल्याला हात घातला.

"काकू, थांबा! गॅस नको. पाकिटातलं दूध आधीच तापवून थंड केलेलं असतं. फ्रीजमधून काढलंय ना? मग तसंच चालतं."

"न उकळता?" काकूंनी पातेले छातीशी धरले. "अगं, माझ्या सासूबाई असत्या ना, तर त्यांनी आधी तुला उकळलं असतं."

"त्यांना मी प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला असता."

"तोही उकळला असता त्यांनी." काकूंनी पातेले ओट्याखाली ठेवले, एखादे जुने व्रत सोडावे तशा चेहऱ्याने, पण हसत.

ऋषी कोको चाळत होता. नाकाच्या शेंड्यावर तपकिरी ठिपका पडलेला त्याला कळला नव्हता आणि तो सांगण्याची संघप्रियाला घाई नव्हती. भिजलेला खजूर, अव्होकाडोचा फिकट हिरवा गर, खललेला कोको, थंड दूध... मिक्सर थांबला, तेव्हा भांड्यात गडद, रेशमी, संथ असे काहीतरी तयार झाले होते.

"आता मीठ?" ऋषीने विचारले.

"चिमूटभरच. कडवटपणा दबतो."

"तुझाही दबेल?"

"माझ्यासाठी उरणची सगळी मिठागरं लागतील."

"आणतो की. टेम्पो ओळखीचा आहे."

काकू पाठमोऱ्या होत्या; पण त्यांचे खांदे हसताना दिसत होते.

फराळाला शुभदाआत्या येऊन बसल्या. ताठ कणा, मऊ आवाज. त्यांनी संघप्रियाची नोकरी विचारली, घर विचारले, "हुशार आहेस हो," असे मनापासून म्हणाल्या. मग वाटी जवळ ओढली.

"मीना, कोको उपवासाला चालतो का गं?"

"झाडाचं बी आहे, आत्या," ऋषी म्हणाला.

"असू दे मग. दूध, खजूर, फळ... चालायला हरकत नाही." त्यांनी चमचा उचलला आणि अगदी सहज, कौतुकानेच म्हणाल्या, "आणि न शिजवलेलं आहे ना, मग कोणाच्याही हातचं चालतं. ऋषीने बरोबर लक्षात ठेवलं हो. मी म्हटलंच होतं त्याला, मुलीला घरी आण, बसव, बोल. फक्त तिला चुलीपाशी नको नेऊस."

पंखा फिरत होता. संघप्रियाने ऋषीकडे पाहिले. ऋषीने वाटीकडे पाहिले.

म्हणजे उकाडा नव्हता तर.

ती उठली, हात लांब करून तिने आत्यांच्या पुढ्यातली वाटी उचलली आणि आपल्यासमोर ठेवली.

"मग हे तुम्ही खाऊ नका, आत्या."

"अगं... मी खातेय ना! तुझा मान राखतेय."

"मान राखायला पळवाट लागत नाही." तिचा आवाज चढला नाही, तो अधिक स्पष्ट झाला. "मी गॅस पेटवून, पीठ मळून, माझ्या हाताने भाजलेली भाकरी ज्या दिवशी तुम्ही खाल, त्या दिवशी हेही खा. त्याआधी नाही. माझ्या हाताचे दोन प्रकार नाहीत, एक चालणारा आणि एक न चालणारा."

मीनाकाकूंनी मान खाली घातली. संघप्रियाने पर्स उचलली, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर येऊन लिफ्टचे बटण दाबले. मग पुन्हा दाबले.

"संघप्रिया..." ऋषी अनवाणीच बाहेर आला होता. नाकावरचा ठिपका तसाच. "मला वाटलं, पहिली पायरी सोपी असली, तर पुढच्या..."

"मी एकच अट घातली होती."

"माहितीय."

"तुला निकाल आधीच ठाऊक होता, आणि त्या निकालाला जुळेल असा प्रयोग तू मांडलास. मला न सांगता. आणि प्रयोगातली वस्तू मी होते."

"मी घाबरलो," तो म्हणाला. "तिने नाही म्हटलं, तर तू जाशील म्हणून..."

"म्हणून ती हो म्हणेपर्यंत मला लहान केलंस."

त्याने मान हलवली. समर्थन केले नाही; एवढे एक बरे होते.

"तुमच्या लॅबमध्ये असं करणाऱ्याला काय करतात? काढून टाकतात?"

"पुन्हा करायला लावतात," ती म्हणाली. "सगळ्यांच्या समोर. खरं सांगून."

लिफ्ट आली. दार उघडले. ऋषीने तिच्याकडे एकदा पाहिले आणि तो आत गेला — लिफ्टमध्ये नव्हे, घरात. दार त्याने मुद्दाम उघडे ठेवले.

"आत्या," त्याचा आवाज बाहेरपर्यंत आला, जरा फाटलेला. "चूक माझी झाली. तू घातलेली अट मी गुपचूप पाळली आणि तिची मोडली. आता उलट करतो. माझं तिच्यावर प्रेम आहे. ती या घरात आली, तर चुलीपाशी येईल. तिला जिथे मनाई, तिथे मीही जेवणार नाही. हे मी सकाळीच बोलायला हवं होतं."

लिफ्टचे दार आपोआप मिटले. रिकामी लिफ्ट खाली गेली.

आतून पावले ऐकू आली. पण दारात आल्या त्या मीनाकाकू. पदराला हात पुसत त्यांनी संघप्रियाकडे पाहिले.

"ज्वारीचं पीठ आहे घरात," त्या म्हणाल्या. "आत ये. गॅस पेटव."

"मीना!" आतून आत्या. "आज एकादशी आहे!"

"उपवास माझा आहे, वन्सं," काकू मागे न वळता म्हणाल्या. "तो कधी सोडायचा, तेही माझंच." आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झाले. बहुधा बऱ्याच वर्षांनी.

संघप्रिया उंबऱ्याशी आली आणि थबकली. त्या दिवसात प्रथमच तिच्या चेहऱ्यावरचा निर्धार डळमळला.

"काकू... एक सांगायचं होतं. मला भाकरी नीट येत नाही. आमच्याकडे आईच करते."

काकू पाहतच राहिल्या. "मग मघाशी ती एवढी गर्जना कशाला केलीस?"

"गर्जना भाकरीबद्दल नव्हती."

"ते कळलं गं मला," काकू हसल्या, आणि लायटर तिच्या हातात दिला.

निळी ज्योत फुलली. संघप्रियाने पीठ मळले. भाकरी थापताना तिची एक कड फाटली, दुसरी जाड राहिली. तव्यावर तिला जो आकार आला, तो भूमितीत नाही. ऋषी परात धरून उभा होता आणि ओठ घट्ट मिटून होता.

"हसलास तर बघ."

"मी कुठे हसतोय? ठोकळ्याची ताकद बघतोय."

"तवा फार तापलाय!" बाहेरून आत्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने त्या स्वतःच आल्या आणि चौकटीबाहेर थांबल्या. "वरून पाणी फिरव. पाण्याशिवाय तडकणारच ती." एवढे सांगून त्या उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत, गेल्याही नाहीत.

काकूंनी करपलेल्या कडेचा पहिला तुकडा मोडला, ठेच्याला लावला, सर्वांदेखत तोंडात घातला आणि सावकाश चावला. "मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. "पण छान आहे." मग त्यांनी आपली पुडिंगची वाटी ओढली आणि डोळे मिटून पहिला चमचा घेतला. त्या चमच्यावर मात्र त्यांनी काहीच टीका केली नाही.

उरलेली काळी कड ऋषीने उचलली. ठेचा नाही, तूप नाही; कोरडीच खाऊ लागला, आवाज करत.

"मघाशी मी आत्याला एक वाक्य सांगितलं," तो हळूच म्हणाला. "ते खरं तर तुला सांगायचं होतं."

"ऐकलं मी."

"मग?"

"दावा मोठा आहे." तिने बोटाने त्याच्या नाकावरचा कोकोचा ठिपका पुसला, जो तिने दुपारपासून राखून ठेवला होता. "आणि पुरावा एकच, करपलेला. असा पुरावा मला रोज लागेल, ऋषी. तुझी तयारी आहे?"

"रोज करपलेली?"

"त्याची हमी मी देते."

आत्यांची वाटी टेबलावर तशीच होती. संघप्रियाने तिच्यावर झाकण ठेवले, ती फ्रीजमध्ये ठेवली आणि चौकटीपाशी येऊन उभी राहिली.

"आत्या, वाटी तुमचीच आहे. दोन दिवस टिकते," ती म्हणाली. "पण आधी भाकरी."

आत्यांनी तव्याकडे पाहिले, मग तिच्या पिठाने भरलेल्या हातांकडे.

"उद्या द्वादशी," अखेर त्या म्हणाल्या. "पीठ कोमट पाण्यात मळ."