सातही कागद जुळले तेव्हा

सात कागद एकच गोष्ट सांगत असतील, तर ती खरी मानायची का? शलाकाला हा प्रश्न पडला तो घातक कचरा केंद्राच्या फाटकात, आणि तोही भलत्याच वेळी.

त्याचं असं झालं. शलाकाच्या बाबांचा, श्रीपती पोतदारांचा, चांदीचा मुलामा चढवण्याचा कारखाना होता. काम झालं की टाक्यांमध्ये वापरलेली रसायनं उरत. ती ओढ्यात ओतायला बंदी होती. पिंपात भरून केंद्रात पोचवावी लागत. त्या दिवशी शाळेला सुट्टी, म्हणून शलाकाही बिनचालकाच्या टेम्पोत बाबांशेजारी बसून आली होती.

फाटकात भालदार उभा होता. भालदार म्हणजे केंद्राचा यंत्रमानव. हे नाव त्याला कामगारांनीच ठेवलं होतं. बाबांच्या हातातले कागद घेऊन त्याने एकेक डोळ्यांसमोर धरला.

"पहिल्यावर आम्ल. दुसऱ्यावर आम्ल. तिसऱ्यावर आम्ल…" असं करत तो सातव्यापर्यंत गेला. "सह्या आहेत, शिक्के आहेत. सगळे जुळतात. पिंप आम्ल विभागाकडे."

हिरवा दिवा लागला आणि पिंप सरकत्या पट्ट्यावर चढलं. पट्ट्याच्या टोकाशी, आम्लाच्या हौदाजवळ, शलाकाची आत्या उभी होती. ती तिथली रसायनतज्ज्ञ. तिने लांबूनच हात हलवला.

शलाकाने कपाळाला आठ्या घातल्या. "बाबा, सकाळी चांदीच्या टाकीजवळ गेले म्हणून तुम्ही ओरडलात ना माझ्यावर? हे पिंप तर तिथूनच भरलंय!"

बाबांच्या तोंडचं पाणीच पळालं.

चूक कशी झाली ते त्यांना लगेच उमगलं. सात कचेऱ्यांचे सात कागद भरायला अर्धा दिवस जायचा. म्हणून गावातल्या सगळ्या कारखान्यांनी एक सोय काढली होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, यंत्रं बंद असली, की मालक मांडी घालून बसायचे आणि वर्षभराचे कागद भरून ठेवायचे. पहिल्या कागदावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. वरती हळदीकुंकू वाहून गठ्ठा कपाटात. पिंप निघालं की वरचे सात कागद उचलायचे. आम्लाची पिंपं नेहमीची, म्हणून तेच कागद वर. चांदीच्या टाकीचे कागद पार तळाशी राहिले होते.

"थांबव रे! थांबव तो पट्टा!" बाबा ओरडले.

"कागद जुळले आहेत," भालदार शांतपणे म्हणाला. "हरकत असल्यास आठवा अर्ज भरावा."

"आठवा अर्ज घाल चुलीत!"

शलाका मात्र भालदाराशी वाद घालत बसली नाही. ती पट्ट्याच्या कडेने धावत सुटली. "आत्या! ओतू नकोस! चांदीच्या टाकीचं आहे ते!"

आत्याने क्षणभरही विचार केला नाही. तिने हिसक्याने लाल दांडा खाली ओढला. पट्टा थांबला. पिंप हौदापासून हातभर अंतरावर होतं.

बाबा धापा टाकत आले आणि मट्‌कन खालीच बसले. "अक्का," ते एवढंच म्हणाले.

"आहे मी, श्रीपा. ऊठ आता." आत्याने त्यांना पाणी दिलं. मग ती शलाकाकडे वळली. "चांदीच्या टाकीत सायनाइड असतं (कार्बन आणि नायट्रोजन मिळून झालेलं जहाल विष). चांदी सगळीकडे सारखी बसावी म्हणून ते वापरतात. त्यात आम्ल मिसळलं की विषारी वायू निघतो. तो छातीत गेला असता, तर मी आता तुझ्याशी बोलत नसते."

शलाकाने तिचा हात घट्ट धरला. ती म्हणाली, "मग सात कागदांचा उपयोग काय? फाडून टाका सगळे."

"सगळे नकोत. कागद नव्हते तेव्हा लोक अंधारात पिंपं ओढ्यात रिकामी करायचे. विष कुणाचं, कुठून आलं, काही पत्ता लागायचा नाही. आत काय आहे, कुणाचं आहे आणि कुठे चाललंय, एवढं कळायलाच हवं."

"पण सातांनी सांगितलं तरी चुकलंच की!"

"सातांनी कुठे सांगितलं? एका दिव्यासमोर सात आरसे ठेवले, तर दिवे सात होतात का?"

शलाका विचारात पडली. "नाही. दिवा एकच. तो विझला की सगळ्या आरशांत अंधार."

"तेच तर! एका कागदाच्या सहा नकला म्हणजे सहा पुरावे नव्हेत. खरा दुसरा पुरावा स्वतंत्र असावा लागतो (पहिल्याकडे न बघता, वेगळ्या वाटेने मिळालेला)."

आत्याने पिंपाच्या तोटीतून थेंबभर पाणी लाल लिटमस कागदावर घेतलं. लिटमस म्हणजे आम्ल आहे की त्याच्या उलट गुणाची आम्लारी, ते रंगाने दाखवणारा कागद. तो बघता बघता निळा झाला. "आम्लात हा लालच राहिला असता. बघ, या चिटोऱ्याने ते सात कागद खोटे पाडले."

"मग भालदारालाच हे शिकवा ना!" शलाका म्हणाली. "आणि बाबांना एकदाच विचारा. पण पिंपाजवळ उभं करून."

बाबा कसनुसं हसले. "लेकीने मला उलटतपासणीला उभं केलं!"

आत्याने ही सूचना वर कळवली. खल झाला, कुरबुरी झाल्या, कुणी म्हणालं, शिक्क्यांशिवाय भरवसा कसा धरायचा? तेव्हा आत्याने तो निळा झालेला लिटमस टेबलावर ठेवला. अखेर सातांचा एक कागद झाला, आणि तोही पिंप भरताना, तिथल्या तिथे भरायचा. विचारायच्या गोष्टी तीनच: काय, कुणाचं, कुठे. बाकीच्या कचेऱ्या त्याच नोंदीत डोकावून हवं ते बघू लागल्या.

नव्या पद्धतीच्या पहिल्या दिवशी बाबा पिंप घेऊन आले. भालदाराने नोंद न वाचताच तोटीखाली लिटमसची पट्टी धरली, रंग पाहिला आणि मग विचारलं, "आत काय आहे?"

"सायनाइड. चांदीच्या टाकीचं. मी स्वतः भरलंय."

"पट्टी म्हणते, हे आम्ल नाही. तुमचं म्हणणं पट्टीशी जुळतं. सायनाइड विभागाकडे."

पिंप वेगळ्या वाटेने निघून गेलं. बाबांनी मोठा श्वास सोडला.

"आत्या," शलाकाने विचारलं, "या पाण्यातली उरलेली चांदी परत काढता आली, विषही तिथेच मोडता आलं, तर पिंप आणायलाच नको ना?"

"प्रयोग चाललेत. मोठी झालीस की तूच पुरा कर." आत्याने हातमोजे काढले. "श्रीपा, अर्धा दिवस वाचला ना तुझा? मग आज स्वयंपाक तू कर. जेवायला येते मी."

"ये, अक्का," बाबा म्हणाले. "रोज ये."