आप्पांच्या गळ्यातला शेवटचा हार

"सायेब, माझा मालक हार इकतो, मानसं मारत न्हाय!" सारजाबाईनं कल्लप्पा हत्तुऱ्यांच्या पायांवर डोकंच ठेवलं. "फाशी देत्याल की वो त्येला!"

१९७८ चा श्रावण. तीन दिवसांपूर्वी, सोमवारी सकाळी, सोलापुरात सात रस्ता चौकातल्या सभेत तिच्या नवऱ्यानं, धुळाप्पा फुलवाल्यानं, आमदार चनमल्लप्पांच्या गळ्यात हार घातला आणि आप्पा जागीच कोसळले. शवविच्छेदनात विष निघालं. पण त्या दिवशी आप्पांचा कडक उपास! मग विष गेलं कुठून?

सोलापूरची डोकी भन्नाट चालली. कुणी म्हणे, परदेशी हेरांनी हारात सुई खोचली. कुणी म्हणे, फुलं विषकन्येनं गुंफली. एका सलूनात तर उपग्रहातून किरण सोडल्याचं छातीठोक सांगत होते. फौजदारांनी सुई पसंत केली आणि धुळाप्पाला आत टाकलं.

"सुई सापडली?" खासगी तपासनीस कल्लप्पांनी विचारलं.

"कुटली सुई वो!"

कल्लप्पांचा जोडीदार कुंडलिक माढ्याचा. मनानं सरळ, डोक्यानं जरा सावकाश. त्याला किरणच पटला होता.

दोघं आप्पांच्या घरी गेले. आप्पांच्या पत्नी दाक्षायणीअक्का परसात बेलापाशी बसल्या होत्या.

"मी मैंदर्गीला माहेरी होते," त्या म्हणाल्या. "घरी हे आणि यांचा कार्यकर्ता सिद्धाराम, दोघंच. सोमवारी यांना दिवसभर पाणीसुद्धा वर्ज्य. घ्यायचे ते फक्त लिंगपूजेचं तीर्थ."

"सभेत काय बोलणार होते?"

"जिल्हा परिषदेच्या नव्या उमेदवाराचं नाव सांगणार होते. सिद्धारामचं नव्हतं."

कुंडलिक खाली वाकला. "अक्का, बेलाला औषध टाकलंत का? मुंग्या मरून पडल्यात."

"छे! त्याला पूजेच्या पाण्याशिवाय आम्ही काही घालत नाही."

आप्पांची वीस वर्षं सावली झालेला सिद्धाराम ओसरीवर बसला होता. रडून रडून डोळे सुजले होते.

"पूजेचं पाणी कोण आणतं?" कल्लप्पांनी विचारलं.

"मीच की. इहिरीचं. रोज पूजा झाली की आप्पा पैलं तीर्थ मला द्यायचे."

"सोमवारी घेतलंस?"

"न्हाय. माझा उपास हुता."

"बरोबर आहे," कुंडलिक म्हणाला.

कल्लप्पांनी फौजदारांना आणि सारजाबाईला परसात बेलापाशीच बोलावून घेतलं.

"हार निर्दोष आहे. आप्पांच्या पोटात त्या सकाळी एकच गोष्ट गेली, तीर्थ. पाणी ज्यानं आणलं, तोच म्हणतो, उपास म्हणून घेतलं नाही. अरे, पाणी वर्ज्य करणारे आप्पा तीर्थ घेतात आणि तुझा उपास त्यानं मोडतो? विष तू कालवलंस सिद्धाराम, उमेदवारी गेली म्हणून. पण तीर्थ पायदळी जाऊ नये ही सवय काही सुटली नाही. उरलेलं बेलालाच ओतलंस. विचार त्या मुंग्यांना!"

सिद्धारामनं बेलाच्या बुंध्याला कपाळ टेकलं.

"शिवा शिवा! उपास हाय म्हनलं, तर आप्पा माझ्याकडं बघत राह्यले. लई येळ. मग हसले. म्हनले, 'मग तुझ्या वाटचंबी मीच घेतो.' आन दोनदा प्याले."

अक्कांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे आप्पांना कळलं होतं?" कुंडलिकनं विचारलं.

कल्लप्पांनी बेलापुढं हात जोडले. "ते मला नाही सांगता येणार. माझी अक्कल इथं संपली, बाबा."

फौजदारांनी टोपी काढून हातात घेतली.

सारजाबाई हळूच म्हणाली, "सायेब, माझा मालक..."

"आत्ता सोडतो, बाई."

संध्याकाळी धुळाप्पा सुटला. घरी न जाता तो दुकानात गेला, मोगऱ्याचा हार गुंफला आणि आप्पांच्या समाधीवर घालून आला. दुसऱ्या दिवशी सलूनात त्याला कुणीतरी किरणाबद्दल विचारलं, तेव्हा तो नुसता रडला.