सांगातीची रेघ

ताप नाही, खोकला नाही, कुठे लागलेलंही नाही. मग बाबा अंथरुणातून उठत का नाहीत? रेवाला हे कोडं काही केल्या सुटेना. तिचे बाबा, सदानंद जंगम, महाबळेश्वरच्या डोंगरात मधमाश्या पाळायचे. पण रान फुलून आलं तरी ते पेट्यांकडे फिरकले नव्हते. आपण त्यांच्याशी भांडलो, म्हणून तर नसेल? हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आरोग्यकेंद्रातल्या नसीमताई घरी आल्या, तेव्हा तिने भीत भीत विचारलंच.

"तुझ्यामुळे नाही गं," त्या म्हणाल्या. "बाबांना नैराश्य आहे (मन आणि शरीर दोन्ही खचवणारा आजार). त्याला उपचार असतात."

केंद्रातल्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं. नसीमताईंनी बाबांच्या मनगटावर एक पातळ पट्टी बांधली आणि फोनवर 'सांगाती' नावाचा बोलका मदतनीस सुरू करून दिला. पट्टी झोप आणि हालचाल टिपायची. संध्याकाळी सांगाती बाबांना दोन-चार प्रश्न विचारायचा.

एकदा रेवाने हळूच फोन उचलला. "बाबा कधी बरे होतील?"

"ते मला ठाऊक नाही," सांगाती म्हणाला. "आणि त्यांची माहिती त्यांच्या परवानगीशिवाय मी दाखवत नाही."

रेवा फणकारली. पण मग तिने सरळ बाबांनाच विचारलं. सरकून त्यांनी तिला जागा करून दिली आणि आलेख (झोप, हालचाल आणि उत्तरांवरून बदल दाखवणारी रेघ) उघडला. रेघ जमिनीला टेकल्यासारखी आडवी पडली होती.

"औषध घेऊनसुद्धा हलली नाही? मग हे यंत्र काय कामाचं?"

"हलली नाही, हे डॉक्टरांना लगेच कळलं ना," बाबा सावकाश म्हणाले. "नसीमताई, आपले डॉक्टर खोत आणि साताऱ्याच्या मनोविकारतज्ज्ञ (मनाच्या आजारांच्या डॉक्टर), तिघंही हीच रेघ बघतात. आज ते फोनच्या पडद्यावर एकत्र आले, माझ्याशी बोलले आणि औषध बदललं. एरवी मी कुणाला सांगितलंच नसतं. असाच पडून राहिलो असतो."

रेवा विचार करत राहिली. "म्हणजे बरं माणसंच करतात. सांगाती फक्त सगळ्यांना एकाच वेळी कळवतो."

"हं. तसंच."

नसीमताई आता बाबांना फिरायला नेऊ लागल्या. रेघ थोडी चढली, मग एकदम घसरली. पण रेवाने काही विचारायच्या आत नसीमताईंचा फोन आला होता, आणि बाबा त्यांच्याशी खालच्या आवाजात बोलत होते. पुढच्या आठवड्यात रेघ पुन्हा वर वळली.

थंडी पडू लागली होती. त्या संध्याकाळी सांगातीने नवाच प्रश्न विचारला, "तुमच्या सोबतीला आणखी कुणाला घ्यायचं?"

"रेवा जंगम," बाबा म्हणाले.

"तिला काय दाखवू?"

"फक्त रेघ. तिने काळजी करत बसायचं नाही." ते रेवाकडे बघून किंचित हसले. "बाकीचं मी स्वतः सांगेन तिला."