वादळाच्या बातमीतली चार नावं

घशाच्या दुखण्यामुळे नोकरी सोडली, असं मी सगळ्यांना सांगत आले. पण टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात काम केलेल्यांच्या आठवणी तू एवढ्या मायेने टिपून घेतेयस, तर तुला तरी खरं सांगते.

मी टीव्ही केंद्रात गेले होते टायपिस्टच्या परीक्षेला. बाहेर पावसाची भुरभुर, पायात ओल्या चपला, हातात अर्ज... आणि मी भलतंच दार ढकललं. आत काळोख, आणि मधोमध दिव्यांचा असा झोत की डोळेच मिटले. काळोखातून आवाज आला, "थोडं डावीकडे." मी सरकले. "हनुवटी जरा वर." मी केली. "आता इकडे बघा."

"टायपिंगच्या परीक्षेला हनुवटी कशाला लागते?" मी विचारलं.

काळोखात कुणीतरी फिसकन हसलं. मग कॅमेऱ्यामागून तो बाहेर आला — उंच, काटकुळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दिवे तपासायला समोर कुणीतरी उभं हवं होतं आणि मी आयतीच सापडले होते. मी चिडले. पण वरच्या खोलीत आमच्या साहेबांनी तो चिडलेला चेहरा पडद्यावर पाहिला, आणि पंधरा दिवसांत मी टायपिस्ट व्हायची ती निवेदिका झाले.

तेव्हा सगळं थेट जायचं. चूक झाली की झाली, घराघरात पोचली. मेकअपवाल्या मावशी सारखं माझं नाक टिपायच्या, तरी घाम थांबायचा नाही. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला की माझ्या तोंडचं पाणी पळायचं. तो म्हणाला, "कॅमेऱ्याकडे बघूच नका. मागे मी आहे ना, माझ्याशी बोला."

"आणि तुम्ही उत्तर देणार?"

"मान हलवीन."

खरंच हलवायचा. मी पूर वाचायचे, बाजारभाव वाचायचे, आणि तो इतक्या गंभीरपणे होकार द्यायचा, जणू बटाट्याचे भाव मी त्याच्या एकट्याच्या कानात सांगतेय.

एकदा जिना उतरताना म्हणाला, "आई रोज सात वाजता शेजाऱ्यांकडे जाऊन बसते, तुम्हाला बघायला. म्हणते, ही मुलगी कशी घरातल्यासारखी बघते."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, ती तुझ्याकडे नाही बघत, आई... माझ्याकडे बघते."

माझी पायरी चुकली. त्याने हात धरला, आणि खाली पोचल्यावरही सोडायला विसरला — की मीच विसरले, कोण जाणे.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलं नाही. दीड वर्ष गेलं. मग डोंगरावर नवा मनोरा उभा राहिला, तिथून लांबच्या गावांना चित्र पोचणार होतं, आणि त्याला तीन महिन्यांसाठी तिकडे धाडलं. एका गुरुवारी त्याचा ऑफिसात फोन आला. खरखर इतकी, की निम्मे शब्द वाऱ्यावर. शेवटी तो ओरडून म्हणाला, "लग्न करशील का माझ्याशी? एका शब्दात सांग, लाइन जाईल."

शब्द ओठांवर होता गं. पण समोर मावशी कान टवकारून बसलेल्या, आणि मलाही वाटलं, थोडा झुरू दे की. मी म्हणाले, "रविवारी येशील तेव्हा सांगते."

शनिवारी वादळ आलं. आमच्याकडे नुसता वारा होता, दारं आपटत होती. सातच्या बातम्या मी वाचत होते. मधेच एक कागद टेबलाखालून माझ्या हातात सरकवला गेला. डोंगरावरचा मनोरा कोसळला होता, चौघं गेले होते. खाली चार नावं. त्याचं तिसरं... वडिलांच्या नावासकट, म्हणजे शंकेला जागाच नाही.

मला रडू आलं नाही. डोळ्यांपुढे आली ती कधी न पाहिलेली एक बाई, परक्या घरात, चारचौघांत, खुर्चीच्या काठावर बसलेली. तिला हे माझ्या तोंडून कळणार. मी पहिली ओळ वाचली. चौघं दगावल्याचं वाचलं. आणि म्हणाले, "मृतांची नावं अद्याप हाती आलेली नाहीत." मग बाजारभाव वाचले. आवाज कापला नाही. का कापला नाही, ते आजही मला कळत नाही.

बातम्या संपल्या, तशी तोंडावरच्या रंगासकट मी बाहेर पडले. अंधार पडू लागला होता. लाँड्रीच्या वरचा मजला, एवढाच पत्ता माहीत होता. दार त्याच्या आईनेच उघडलं, नुकतीच शेजारून परतली होती.

"अगं बाई, तू," ती म्हणाली आणि माझ्या पाठीमागे बघायला लागली, तो लपलाय का म्हणून. "वेड्याने कळवायचं तरी. घर आवरलं असतं." खुर्ची हातानेच पुसून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "मनोऱ्याचं ऐकून जीव वरखाली होत होता गं. पण तुझ्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही... म्हटलं, आपला बरा असणार."

मी तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं. कसं, ते विचारू नकोस. ती भिंतीला टेकून खाली बसली. मीही बसले. मग तिने विचारलं, "शेवटचं काय बोलला तुझ्याशी?"

"लग्नाचं विचारलं."

"मग?"

"हो म्हणाले," मी सांगितलं.

नोकरी गेली, ते ओघानेच आलं. साहेब वाईट नव्हते. एवढंच म्हणाले, "तू एका घराचा विचार केलास. बाकीच्या तीन घरांचं काय?" पुढच्या आठवड्यात यादीतल्या चौथ्या मुलाच्या वडिलांचं पत्र आलं. नावं आलेली नाहीत म्हटल्यावर त्यांनी आशा धरली होती, सकाळपर्यंत दवाखान्यामागून दवाखाने शोधत हिंडले होते. त्या माणसाचा राग बरोबरच होता. उत्तर लिहायला तीनदा बसले, एकदाही जमलं नाही.

घरच्यांनी स्थळं आणली, मग ते थकले. मी शाळेत शिकवायला लागले आणि दर रविवारी त्याच्या आईकडे जात राहिले, अकरा वर्षं. आल्यागेल्याला ती सांगायची, ही माझी सून. प्रत्येक वेळी वाटायचं, आज खरं सांगून टाकावं... आणि प्रत्येक वेळी ती माझ्या हातात कप द्यायची.

शेवटच्या दुखण्यात ती फार बोलत नसे. एका दुपारी एकदम म्हणाली, "तू हो म्हणालीस, तेव्हा खूश झाला होता का गं?"

"खूप," मी म्हणाले. "इतका, की फोनच पडला त्याच्या हातातून. उचलून परत विचारलं, काय म्हणालीस? मला पुन्हा म्हणावं लागलं."

"धांदरटच तो," ती म्हणाली, आणि हसली.