गप्प बसायची वेळ

सांगलीच्या घाटावर नाव भरली होती. बाजार करून निघालेल्या बायका, कोंबड्यांची खुराडी, आणि या सगळ्यांवर ताण करणारा रंगुबाईचा आवाज. शेजारी तिचा भाचा कृष्णात, लढाईच्या बोटीवरून रजेवर आलेला. मावशी विचारत होती, तो सांगत होता... आणि बोलता बोलता त्यानं मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं नि एकदम मुका झाला.

समोर बसलेल्या अंजनाला हसू आवरेना. ती रंगुबाईच्या घराशेजारच्या केरबाची लेक.

"मावशी, तुमच्या भाच्याची चावी संपली वाटतं!"

त्यानं नुसतीच मान हलवली. डोळे पाण्यावर, कान कुठंतरी लांब... नाव मधोमध आली तेव्हा कुठं तो हसला.

"चावी न्हाई संपली. सवय हाय."

सवय कसली ते तिला दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कळलं. कृष्णात बोटीवर बिनतारी यंत्र चालवायचा. दर तासाला दोनदा, ठरलेली तीन मिनिटं, समुद्रावरच्या साऱ्या बोटींची यंत्रं गप्प बसतात. बोटीवरच्या घड्याळात तेवढी जागा तांबडी रंगवलेली असते. ती कुठं, हे त्यानं आपल्या घड्याळावर बोट ठेवून दाखवलं.

"का म्हणून गप?"

"कुनाची तरी बोट बुडत असंल. यंत्रातला जीव जात आला असंल... त्याची बारीक हाक आपल्या गलक्यात इरून जाऊ ने म्हणून."

"आन् आली कवा हाक?"

"एकदा आली. बोट वळवली आमी. होडीत माणसं गारठून बसली हुती. जिती हुती समदी."

अंजनाची घागर भरायची तशीच राहिली. गावात फौजेतले पुष्कळ होते. सुट्टीवर आले की मिशीला पीळ देऊन आपण काय काय केलं ते सांगायचे. हा एकटाच ऐकलेलं सांगत होता. तिला तो फार आवडला, आणि हे तिनं स्वतःपासून लपवलंही नाही.

मग घरात पाणी दिवसातून चारदा लागू लागलं.

"आज काय आलं ऐकू?" ती विचारायची.

"बांगड्या."

"कुनाच्या?"

"वर बघितलं की सांगतो," म्हणायचा... आणि वर बघायचा.

रजा संपत आली तशी रंगुबाईनं केरबाच्या सोप्यात विषय काढला. केरबा भडकलाच.

"फौजेतला जावई आण, करतो. त्यो जमिनीवर असतो. पाण्यातल्याला कुठं हुडकायचं आमी?"

चुलते म्हणाले, कोरेगावचं स्थळ बघू. आई म्हणाली, पोरगी लांब नको. रंगुबाईचा आवाज सगळ्यांच्या वर. अंजनाला काय हवं ते अंजना सोडून सगळे सांगत होते. दाराआड तिच्या ओठाशी शब्द येत होता आणि गलका ऐकून परत फिरत होता. आज बोलली नाही तर हा माणूस हातचा गेला, हे तिला कळत होतं.

मावशीशेजारी बसलेल्या कृष्णातनं घड्याळाकडं पाहिलं.

"आबा, माफी करा. येळ झाली. तीन मिनिटं कुनी बोलू नका."

ती सवय एव्हाना आळीला ठाऊक झाली होती. नाइलाजानं सोपा गप्प झाला. रंगुबाईसुद्धा! गोठ्यात बैलाची घंटा वाजली तेवढीच... अंजना दाराच्या चौकटीशी आली.

"आबा..." आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "पाण्यातल्याला हुडकणारी माणसं असत्यात. ह्ये त्यातलंच हायत. मला ह्येच पसंत हायत."

केरबा दाराकडं वळला. मग पटक्याच्या शेवानं त्यानं डोळे टिपले.

"अगं, मग आधी बोलायचं न्हाईस व्हय!"

सुपारी फुटली. गूळ वाटत अंजना कृष्णातपाशी आली आणि त्याच्या घड्याळात डोकावली. पाणवठ्यावर त्यानं बोट ठेवून दाखवलेल्या जागेपर्यंत काटा अजूनही पोचला नव्हता.

"आवं... येळ कुठं झाली हुती?"

"न्हवती झाली," तो हळूच म्हणाला. "पण दाराआडनं हाक येत हुती."