न झालेल्या रस्त्याचा आवाज

पटलं तर बघा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाची समजूत घालायची नाहीये. पण हे मी माझ्याच कानांनी ऐकलंय.

आवाज मोजणं हे माझं काम. भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता.

माझी मावशी एकटी राहते. तिच्या दारासमोरून महामार्ग जाणार होता, म्हणून सगळी गल्ली कोर्टात गेली. वकीलबाई म्हणाल्या, इथे आज किती शांतता आहे ते मोजून द्या. काय हिरावून घेताहेत ते कोर्टाला दाखवू.

त्या शनिवारी दिवेलागणीला मी मावशीच्या खिडकीशी यंत्र लावलं. मोजणी चालू असताना कुणी चकार शब्द काढायचा नसतो. मावशीला गप्प बसवणं महाकठीण, म्हणून तिला मागच्या खोलीत पिटाळलं. गेली तीही बडबडतच.

मी हेडफोन लावले.

भिंतीवरचं घड्याळ. लांब कुठेतरी कुत्रं.

मग कुत्रं थांबलं...

घड्याळही...

आणि ट्रक सुरू झाले.

एकामागून एक. यंत्रावरचा आकडा झपाझप चढला. बाहेर पाहिलं, तर नुसतं गवत. हेडफोन काढले की शांत. लावले की ट्रक.

यंत्राला चार शिव्या हासडल्या, बॅटरी बदलली, पुन्हा ऐकलं.

करकचून ब्रेक...

धप्प.

आणि एक बाई रडत ओरडली, "मावशी, ऊठ ना!"

तो आवाज माझा होता.

मी मागे धावले. मावशी भाजी निवडत बसली होती. मी तिला घट्ट धरलं आणि ढसाढसा रडले. का, ते सांगितलं नाही.

नंतर रेकॉर्डिंग तपासलं. त्यात फक्त घड्याळ आणि कुत्रं. तेच कोर्टात गेलं.

कोर्टाने आमची शांतता मान्य केली. रस्ताही मान्य केला.

आता तो सुरू झालाय. मावशीची मैत्रीण पलीकडे राहते. मावशी रोज रस्ता ओलांडून तिच्याकडे जाते. माझ्याकडे राहायला ये म्हणून मी हातापाया पडले, पण ती घर सोडत नाही. मग मीच तिथे जाणं बंद केलं. मी नसेन तर माझा तो आवाजही तिथे नसेल, अशी मनाची समजूत घालते. खरं सांगते, फार भीती वाटते.

काल तिचा फोन आला. मागे ट्रकांचा नुसता गोंगाट.

"माझं काही चुकलं का गं? येतच नाहीस."

मला राहवलं नाही. रविवारी येते म्हणाले.

"ये," ती म्हणाली. "मी रस्त्यापर्यंत येते तुला घ्यायला."